एका इंधनात दोन कामं : उष्णता, वीज आणि वेळापत्रकाचं गणित

थर्मलच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो. रँकाईन सायकल काढा, एफिशियन्सी काढा. आपण आकृती काढतो, मॉलियर चार्टवर पट्टी ठेवतो, उत्तर छत्तीस-सदतीस टक्के येतं आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. उरलेले त्रेसष्ट-चौसष्ट टक्के कुठे गेले, हे व्हायवामध्येही फारसं कोणी विचारत नाही. ते जातात कंडेन्सरमधून कूलिंग टॉवरला आणि तिथून हवेत. चंद्रपूरला जाताना ज्या टॉवरमधून पांढरे ढग निघताना दिसतात, तोच आपल्या उत्तरातला न विचारलेला भाग.

ही उष्णता कामाला लावता येते का? येते. युरोपातल्या थंड देशांत ती नळांतून घरोघरी पोचवतात. पण एकदा वीज आणि उष्णता एकाच यंत्रातून काढायची ठरवली, की नवीनच डोकेदुखी सुरू होते : कोणतं युनिट कधी चालवायचं, किती चालवायचं आणि कधी बंद ठेवायचं? या लेखात आपण हेच वेळापत्रकाचं गणित समजून घेऊ. उदाहरणासाठी देश घेऊ डेन्मार्क, कारण या विषयात त्यांच्याइतका सराव फार थोड्यांना आहे.

उष्णता घरोघरी कशी पोचते?

डेन्मार्कमध्ये १९०३ साली कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये कचरा जाळून वीज आणि उष्णता दोन्ही देणारं केंद्र सुरू झालं. पण या पद्धतीला खरा वेग आला तो १९७३ च्या तेलसंकटानंतर. तेव्हा हा देश ऊर्जेसाठी जवळजवळ संपूर्णपणे आयात तेलावर अवलंबून होता. तेल वाचवण्यासाठी रविवारी खासगी गाड्या चालवायला बंदी घालण्याची वेळ आली. कडाक्याच्या थंडीत घर गरम ठेवायचं तेलच महाग झालं म्हटल्यावर सरकार जागं झालं आणि १९७९ मध्ये उष्णता पुरवठ्याचा कायदा आला. कुठल्या भागाला नळाने उष्णता द्यायची आणि कुठल्या भागाला गॅस, याचं नियोजन सुरू झालं. आज तिथल्या साधारण दोन तृतीयांश घरांना नळाने उष्णता मिळते.

रचना सोपी आहे. जमिनीखालून दोन इन्सुलेटेड पाईप जातात. एकातून केंद्राकडून गरम पाणी येतं, दुसऱ्यातून थंड झालेलं पाणी परत जातं. प्रत्येक इमारतीत एक हीट एक्स्चेंजर. घरातलं पाणी आणि जाळ्यातलं पाणी सहसा एकमेकांत मिसळत नाही, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते. मोजायचं सूत्र बारावीतलंच : वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्मा गुणिले तापमानातला फरक. एक घनमीटर पाणी एक अंशाने गरम करायला सुमारे १.१६ किलोवॉट-तास लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

टर्बाईनची दोन रूपं

पहिलं रूप बॅकप्रेशर टर्बाईनचं. यात सगळी वाफ टर्बाईनमधून बाहेर पडून थेट जाळ्याचं पाणी गरम करते, कूलिंग टॉवर नाहीच. वीज आणि उष्णता यांचं प्रमाण ठरलेलं. उष्णता जास्त हवी तर वीजही जास्त निघणार, नको असली तरी. थाळीतल्या भाजी-आमटीसारखं, एक घेतलं की दुसरं येणारच.

दुसरं रूप एक्स्ट्रॅक्शन-कंडेन्सिंग टर्बाईनचं. यात वाफ मधूनच काढून उष्णतेसाठी वापरता येते किंवा शेवटपर्यंत जाऊ देऊन फक्त वीज करता येते. इथे चालवणाऱ्याला मोकळीक असते आणि मोकळीक आली की निर्णय आला.

वाफ मधून काढली तर वीज किती बुडते? समजा वाफ १०० अंशांवर काढली. ती पुढे ३० अंशांपर्यंत गेली असती तर कार्नोच्या हिशेबाने तिच्यातून जास्तीत जास्त ७० भागिले ३७३, म्हणजे १९ टक्क्यांच्या आत काम निघालं असतं. प्रत्यक्षात त्याहून कमी, सोयीसाठी १५ टक्के धरू. म्हणजे १ मेगावॉट उष्णता घेतली तर ०.१५ मेगावॉट वीज कमी होते. उलट वाचा : एक युनिट विजेचा त्याग केला की साडेसहा युनिटांहून जास्त उष्णता हातात येते. सगळ्या सहवीजनिर्मितीचं मर्म या एका वाक्यात आहे. वाफेची 'ऐपत' विजेच्या बाबतीत संपत आलेली असते, पण पाणी गरम करायला ती अजून धडधाकट असते.

उष्णतेची किंमत किती?

आता एक काल्पनिक केंद्र घेऊ. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी ठरवले आहेत.

बॉयलर पूर्ण चालला की तासाला २४० मेगावॉट-तास इंधन जळतं. फक्त वीज केली तर १०० मेगावॉट मिळते. जास्तीत जास्त १२० मेगावॉट उष्णता काढता येते आणि तेव्हा वीज १८ ने कमी होऊन ८२ राहते. म्हणजे एफिशियन्सी ४२ टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर गेली. लोड कमी केला तर इंधन, वीज आणि उष्णता त्याच प्रमाणात कमी होतात असं समजू. इंधनाचा भाव मेगावॉट-तासाला २० युरो, म्हणजे पूर्ण लोडला तासाचा खर्च ४,८०० युरो. जोडीला नुसतं पाणी गरम करणारा एक गॅस बॉयलर आहे, त्याची उष्णता ४० युरोला पडते.

फक्त विजेसाठी हे केंद्र चालवायचं तर वीज ४८ युरोला पडते. ४८ ही आपली सीमारेषा.

बाजारात विजेचा भाव ६० युरो असेल तर केंद्र तसंही पूर्ण चालणारच. मग उष्णतेची किंमत म्हणजे फक्त हुकलेली कमाई : ०.१५ गुणिले ६० म्हणजे ९ युरो. विजेचा भाव १०० झाला तर उष्णता १५ युरोला.

पण भाव ४८ च्या खाली गेला तर विजेसाठी केंद्र चालवायचं कारणच उरत नाही. आता ते केवळ उष्णतेसाठी चालतंय, मग इंधनाचा सगळा खर्च उष्णतेच्या खात्यात टाका आणि विजेची मिळकत वजा करा. भाव १० युरो असेल तर ४,८०० वजा ८२०, म्हणजे ३,९८०. भागिले १२०, उत्तर ३३ युरो. भाव शून्य झाला तर बरोबर ४० युरो, म्हणजे गॅस बॉयलरइतकीच. शून्याच्याही खाली गेला तर बॉयलर स्वस्त.

शून्याखाली भाव? हो, नॉर्ड पूल या तिथल्या वीजबाजारात २००९ च्या नोव्हेंबरअखेरपासून उणे भावही मान्य आहेत. वारा जोरात, मागणी कमी, अशा वेळी वीज घेणाऱ्यालाच पैसे मिळतात.

आता कागदावर आलेख काढून पहा. आडव्या अक्षावर विजेचा भाव, उभ्या अक्षावर उष्णतेची किंमत. आलेख इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा येतो. ४८ ला तळ, तिथे उष्णता फक्त ७.२० युरो. दोन्हीकडे महाग होत जाते, पण डावीकडे कितीतरी वेगाने. म्हणजे उष्णतेची अशी एक ठरलेली किंमत नसतेच, ती दर तासाला बदलते. म्हणून तर वेळापत्रक लागतं.

बंब मोठा केला तर

अडचण अशी, की वीज महाग असते तेव्हाच लोकांना थंडी वाजेल असं नाही. वीज दुपारी-संध्याकाळी महाग, तर घरं रात्रीही गरम लागतात. सुदैवाने वीज साठवणं महाग असलं तरी गरम पाणी साठवणं स्वस्त आहे.

गावाकडे ज्यांनी तांब्याचा जुना बंब वापरला आहे त्यांना हे चटकन कळेल. वरच्या तोंडातून गार पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि वरचं कढत पाणी तोटीतून बाहेर पडतं. गरम पाणी हलकं म्हणून वर, गार पाणी जड म्हणून खाली, मध्ये एक पातळ थर. डेन्मार्कमधल्या उष्णतेच्या टाक्या याच तत्त्वावर चालतात, फक्त आकार प्रचंड. कोपनहेगनजवळच्या अ‍ॅवेडोर केंद्रात अशा दोन टाक्या आहेत, दोन्ही मिळून सुमारे ४४,००० घनमीटर. तापमानातला फरक ४० अंश धरला तर १.१६ गुणिले ४४,००० गुणिले ४०, म्हणजे २,००० मेगावॉट-तासांहून जास्त उष्णता त्यात मावते. टाकी भरलेली असो वा रिकामी, पाणी तेवढंच असतं. फक्त मधला थर खाली-वर होतो.

आपल्या काल्पनिक केंद्राला टाकी देऊन पाहू. समजा मागणी दिवसभर सारखी ८० मेगावॉट. रात्रीचे ८ तास विजेचा भाव १० युरो, उरलेले १६ तास ६० युरो.

टाकी नसेल तर : रात्री ६४० मेगावॉट-तास उष्णता सुमारे ३३ युरोने, खर्च अंदाजे २१,२०० युरो. दिवसा १,२८० मेगावॉट-तास ९ युरोने, खर्च ११,५२० युरो. एकूण साधारण ३२,७००.

टाकी असेल तर : दिवसाचे १६ तास केंद्र १२० मेगावॉट उष्णता काढतं, म्हणजे १,९२०. ही तर पूर्ण दिवसाची मागणी! त्यातले ८० घरांना आणि ४० टाकीला. रात्री केंद्र बंद, घरं टाकीवर. खर्च ९ गुणिले १,९२०, म्हणजे १७,२८०. रोज सकाळी केंद्र पुन्हा सुरू करायचा खर्च ५,००० धरला तरी एकूण २२,२८०. एका दिवसात दहा हजार युरोंहून जास्त वाचले आणि त्यासाठी टाकी लागली जेमतेम १४,००० घनमीटरची. ना नवा टर्बाईन, ना नवं इंधन. फक्त वेळ बदलली.

चोवीस तासांचं कोडं

इथवर एक युनिट आणि दोन भाव होते म्हणून गणित हातानं झालं. खरं शहर घेतलं की काय काय वाढतं ते पहा.

पहिलं, प्रत्येक तासाला उष्णतेचा ताळेबंद जुळायला हवा : सगळ्या युनिटांची उष्णता, अधिक टाकीतून काढलेली, वजा टाकीत भरलेली, बरोबर मागणी अधिक पाईपमधली गळती. दुसरं, प्रत्येक युनिटला किमान आणि कमाल लोड असतो. चालू असेल तर या हद्दीत, नाहीतर शून्य. मधलं काही नाही. तिसरं, मोठा बॉयलर स्विचसारखा चालू-बंद होत नाही. एकदा सुरू केला की काही तास चालू ठेवावा लागतो, एकदा बंद केला की काही तास बंद. चौथं, लोड वाढवायचा वेगही ठरलेला असतो, नाहीतर जाड धातूवर ताण येतो.

चालू की बंद, हा निर्णय १ किंवा ०. पाच युनिटं, चोवीस तास, म्हणजे असे १२० निर्णय. एकूण शक्यता २ चा १२० वा घात, म्हणजे एकावर छत्तीस शून्यं देऊनही थोड्या वरच. एकेक तपासत बसलो तर कितीही सेमिस्टर पुरणार नाहीत. म्हणून मिक्स्ड इंटिजर लिनिअर प्रोग्रॅमिंग वापरतात. यात पूर्णांकाची अट आधी सैल करून सोपं गणित सोडवायचं, त्यातून खर्चाची खालची मर्यादा कळते. मग एकेक निर्णय पक्का करत फांद्या फोडायच्या आणि जी फांदी आधीच्या उत्तराहून महाग पडणार हे दिसतंय ती तिथेच छाटायची. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग आणि लाग्रांज रिलॅक्सेशन या जुन्या वाटाही आहेत. ओआरचा पेपर ज्यांना आहे त्यांनी जरूर पहाव्यात.

एक खाचखळगा मात्र प्रोजेक्ट करणाऱ्यांनी आधीच माहीत करून घ्यावा. मॉडेलला फक्त चोवीस तास दिले, तर ते रात्री बाराच्या ठोक्याला टाकी पूर्ण रिकामी करून मोकळं होतं. त्याच्या दृष्टीनं उद्या नसतोच! म्हणून शेवटी टाकी किती भरलेली हवी ही अट घालतात किंवा उरलेल्या उष्णतेला किंमत देतात. आणखी बरा उपाय म्हणजे काही दिवस पुढचं गणित करायचं, पण अमलात फक्त आजचं आणायचं आणि उद्या नव्या अंदाजाने पुन्हा करायचं.

पाचवी गोष्ट जाळं स्वतः. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने गेलं तर दहा किलोमीटर जायला पावणेतीन तास लागतात. सकाळी सहाला सगळं शहर अंघोळीला निघणार असेल तर गरम पाणी रात्रीच केंद्रातून निघालेलं हवं. आपल्या होस्टेलमध्ये सोलरचं पाणी तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या बाथरूममध्ये यायला जो वेळ लागतो, तोच हा प्रश्न, शहराच्या मापात. मात्र याच गोष्टीचा उपयोगही होतो : गर्दीच्या आधी पाण्याचं तापमान थोडं वाढवून ठेवलं तर पाईपचं जाळंच एक लहानशी टाकी बनतं.

कोपनहेगनची पद्धत

कोपनहेगन परिसरात उष्णता वाहून नेणाऱ्या सीटीआर आणि वेक्स या दोन संस्था १९८४ मध्ये स्थापन झाल्या, तर शहरात वाटप होफोर ही कंपनी पाहते. उष्णता तयार करणारी केंद्रं मात्र वेगवेगळ्या मालकांची. २००८ पासून तिघांनी मिळून 'वार्मेलास्ट' नावाची एक समाईक व्यवस्था चालवली आहे. वेळापत्रक ती ठरवते.

क्रम साधारण असा. सकाळी हवामानाच्या अंदाजावरून उद्याची उष्णतेची मागणी काढतात. केंद्रं आपापल्या किमती कळवतात. त्यावरून उष्णतेचा पहिला आराखडा बनतो. मग वीज उत्पादक दुपारी बाराच्या आत नॉर्ड पूलमध्ये उद्याच्या विजेची बोली लावतात. भाव जाहीर झाले की आराखडा पुन्हा तपासतात. दिवस सुरू झाल्यावरही काम संपत नाही. थंडी अंदाजापेक्षा वाढली, एखादं युनिट बंद पडलं, की नव्याने जुळवाजुळव.

यात एक पेच आहे. उष्णतेचा आराखडा विजेच्या भावावर अवलंबून आणि विजेची बोली उष्णतेच्या आराखड्यावर. दोन्ही एकाच वेळी कळत नाहीत. म्हणून अंदाजाने सुरुवात करून पुन्हा दुरुस्त करणं, हाच मार्ग. त्यात २०२५ च्या ऑक्टोबरपासून युरोपातल्या दुसऱ्या दिवसाच्या बाजारात तासाऐवजी पंधरा मिनिटांचे भाव लागू झाले. चोवीसच्या जागी शहाण्णव खाने! मॉडेल तेवढंच फुगलं.

सगळ्यांत आधी नंबर लागतो तो सहसा कचऱ्याचा. कचरा साठवून ठेवता येत नाही, रोज येतच राहतो. अमागर बाके हे २०१७ मध्ये सुरू झालेलं केंद्र कचरा जाळून वीज आणि उष्णता देतं, आणि २०१९ पासून त्याच्या उतरत्या छपरावर लोक चक्क स्कीईंग करतात. त्यानंतर मोठी सहवीजनिर्मिती केंद्रं आणि अगदी गरज पडली तर महागडे बॉयलर. मात्र आता डेन्मार्कची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते, त्यामुळे भाव कोसळणारे तास वाढलेत. अशा तासांना आपला 'व्ही' आलेख डावीकडे चढतो, म्हणून तिथे इलेक्ट्रिक बॉयलर आणि मोठे हीट पंप बसवले जात आहेत. वीज महाग तेव्हा उष्णता करता करता वीज विकायची, स्वस्त तेव्हा वीज विकत घेऊन पाणी तापवायचं. टाकी दोन्हींच्या मध्ये.

आणि एक गोष्ट कुठल्याही सॉल्व्हरच्या वर आहे. उणे दहा तापमानात घर थंड पडलं, तर आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या जिवाशी गाठ असते. त्यामुळे उष्णतेचा ताळेबंद ही 'जमलं तर पाहू' अशी अट नसते. सर्वांत मोठं युनिट बंद पडलं तरी भागेल एवढे राखीव बॉयलर ठेवलेले असतात. वर्षातून मोजके तास चालतात, हिशेबात तोट्यातच दिसतात, तरी ठेवतात. शिवाय डेन्मार्कच्या कायद्यानुसार उष्णतेचा दर आवश्यक खर्चावर ठरतो, त्यावर मनमानी नफा काढता येत नाही. त्यामुळे वेळापत्रकातून वाचलेला पैसा बिलात उतरतो. नवव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजीबाईंना मिक्स्ड इंटिजर काय ते माहीत नसतं, पण त्याचं उत्तर त्यांच्या रेडिएटरमध्ये असतं.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात घर गरम करायला नळ टाकायची गरज नाही, हे खरं. पण सहवीजनिर्मिती आपल्याला परकी नाही. साखर कारखान्यात बगॅस जाळून वाफ करतात, तिच्यावर टर्बाईन फिरवतात, रस आटवायला हीच वाफ वापरतात आणि उरलेली वीज ग्रीडला देतात. फरक इतकाच की तिथे घरांच्या जागी रसाची भांडी आणि हिवाळ्याच्या जागी गाळप हंगाम. ऊस यायचा थांबला, मिल अडली, की वाफेची मागणी बदलते आणि वीजही. बगॅस आज जाळायचं की हंगामानंतर वीज करायला राखून ठेवायचं, हा प्रश्न टाकीच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. तसंच गारव्याचं. गुजरातच्या गिफ्ट सिटीमध्ये एका केंद्रातून अनेक इमारतींना थंड पाणी पुरवतात. टाकीत गरम पाण्याऐवजी थंड पाणी, बाकी समीकरणं तीच.

आपल्यापैकी बरेच जण साखर कारखान्याच्या गावांतून आलेत. फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधत लायब्ररीत फिरण्यापेक्षा एकदा तिथल्या टर्बाईन हॉलमध्ये जाऊन या. लॉगशीटवर तासातासाचे आकडे असतात : वाफ किती, वीज किती, बगॅस किती. एवढ्यावर मॉडेल उभं राहतं.

करून पहा

१. वरच्या उदाहरणात केंद्र पुन्हा सुरू करायचा खर्च किती झाला तर रात्री ते बंद ठेवणं परवडणार नाही? (या प्रश्नापुरते रात्रीचे दोनच पर्याय धरा : बंद, किंवा टाकी नसल्यासारखं ८० मेगावॉटवर चालू.)

२. ३ सीओपीचा हीट पंप जोडला आणि ग्रीडचा आकार शून्य धरला, तर विजेचा कोणता भाव येईपर्यंत हीट पंप आपल्या सहवीजनिर्मिती केंद्रापेक्षा स्वस्त राहील?

३. टाकीत फक्त ३०० मेगावॉट-तास मावत असतील तर सगळ्यांत स्वस्त वेळापत्रक कोणतं?

पहिल्याचं उत्तर साधारण १५,५०० युरो, दुसऱ्याचं ३९ युरोंच्या आसपास. तिसऱ्याचं उत्तर मुद्दाम देत नाही. रात्री मेसवरून आल्यावर दोघा-तिघांनी मिळून स्प्रेडशीटवर बसवून पहा. जमलं तर युनिट कमिटमेंटचा धडा तुमचा तयार झाला म्हणून समजा.